कचेरी सुटल्यानंतरचा तास

सरकारी नोकरीतील माझी अखेरची अकरा वर्षे एका विभागाचा प्रमुख म्हणून गेली, आणि त्या काळात हाताखालच्या माणसांच्या बढत्या, बदल्या, रजा व अडचणी मला तोंडपाठ असत; परंतु धाकटी मुलगी कोणत्या इयत्तेत आहे असे कोणी एकाएकी विचारले, तर उत्तर देण्यापूर्वी मला क्षणभर थांबावे लागे. ते थांबणे अजून सलते. म्हणूनच की काय, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याविषयी वाचताना पुण्याच्या सार्वजनिक सभेतील त्यांचे कार्य किंवा १८९३ साली त्यांना लाभलेले हायकोर्टाचे न्यायासन यांपेक्षा, कचेरी सुटल्यानंतरचा त्यांचा वेळ कोठे जाई, याकडेच माझे मन अधिक ओढ घेते.

ती हकीकत त्यांच्या द्वितीय पत्नी रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. तिचा प्रारंभ मात्र सुखद नाही. प्रथम पत्नीच्या निधनानंतर, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या एकतीस वर्षांच्या न्यायाधीशाने, १८७३ साली वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या निरक्षर कुमारिकेशी लग्न केले. स्नेह्यांना तो तत्त्वच्युतीचा प्रकार वाटला आणि विरोधकांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. रानड्यांविषयी मला नितांत आदर आहे, तरीही या ठिकाणी ते चुकले असे मी मानतो.

परंतु त्या चुकीनंतर त्यांनी जे केले ते मला अधिक विचार करायला लावते. दिवसभर कोर्टातले दावे व फैसले, सायंकाळी सभेची मसलत, आणि एवढे सगळे आटोपल्यावर हा मनुष्य पत्नीला शिकवायला बसे: प्रथम अक्षरओळख, पुढे मराठी वाचन, त्यानंतर इंग्रजी. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना सुनेचे हे शिकणे मुळीच रुचत नव्हते. रानडे त्यांच्याशी भांडले नाहीत आणि शिकवणेही त्यांनी सोडले नाही. या धीमेपणाची थोरवी चरित्रकार आवर्जून सांगतात. पण त्या धीमेपणाची किंमत दिवसभर माजघरात, टोमणे ऐकत, रमाबाईंनाच भरावी लागत होती, हे त्यांच्या आठवणी वाचताना विसरता येत नाही. १८७८ साली नाशिकला बदली झाली, पुण्याचे एकत्र कुटुंब मागे राहिले, आणि तेव्हा कोठे त्या अभ्यासाला मोकळा श्वास मिळाला. जी बदली आम्ही नोकरदार संकट समजतो, ती त्या घराला अशी उपकारक ठरली.

पुढे दृष्टी अधू असल्यामुळे रानडे इतरांकडून वाचून घेत, आणि त्या वाचणाऱ्यांत रमाबाईही असत. पाटीवर अक्षरे गिरवणारी मुलगी आपल्या शिक्षकाचे डोळे झाली होती. रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांनीही ऐन तारुण्यात त्यांच्याच देखरेखीखाली सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम केले. हाताखालच्या कारकुनाकडून बिनचूक टिपण तयार करून घेणे मलाही साधत असे, परंतु त्या टिपणाच्या निमित्ताने त्या माणसाची बुद्धी वाढावी असा विचार माझ्या मनात क्वचितच आला. रानड्यांच्या सहवासात बाहेरच्या शिष्याला आणि घरातल्या शिष्येला एकच मनुष्य भेटत होता. मी मात्र कचेरीत सारा धीर खर्च करून घरी उरलेला थकवा तेवढा आणत असे.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाई पुण्याला परतल्या, आणि शोकाचा पहिला भर ओसरल्यावर त्यांनी जे काम अंगावर घेतले, त्यात येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-बंदिवानांच्या भेटीगाठी होत्या, पुण्याची सेवासदन ही संस्था होती, आणि शिकायचे राहून गेलेल्या कितीतरी प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग होते. १९२४ साली त्यांचा अंत होईपर्यंत हे कार्य त्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवले.

मुलीची इयत्ता आता मला विचारून उपयोग नाही. ती स्वतः शिक्षिका आहे. परंतु माझ्या पत्नीने लग्नानंतर पहिल्याच वर्षी संस्कृत शिकण्याची इच्छा बोलून दाखवली होती आणि मी ‘पुढे पाहू’ म्हणालो होतो. गेल्या आषाढात आम्ही रूपावली काढली. दिवेलागणीनंतर ती ‘राम’ शब्दाची रूपे म्हणते, मी पुस्तक धरून बसतो, आणि तिची चूक होते त्या ठिकाणी पुष्कळदा मलाही पान पाहावे लागते.