खुब्याचे हाड मोडले तर : ऑपरेशनमध्ये काय बसवतात, घरच्यांनी काय पाहावे?

म्हाताऱ्या माणसाला पडायला लांब जावे लागत नाही. मोरीतली ओली लादी, माळ्याची शिडी, रात्री सार्वजनिक शौचालयाकडे जाणारी अंधारी गल्ली, एवढे पुरते. पडल्यावर आजीला उठता येत नाही, जांघेत कळ येते, एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले असते. अशा वेळी खुब्याचे हाड मोडले असेच समजावे. पाय चोळू नका, ओढू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. पायाला उशीचा आधार द्या आणि एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. क्वचित माणूस लंगडत चालतोही. तरी एक्स-रे काढाच.

‘या वयात ऑपरेशन कशाला?’

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की, अंथरुणावर पडून राहणे हेच ऑपरेशनपेक्षा जास्त धोक्याचे असते. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, लघवीत जंतुसंसर्ग होतो, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून प्रकृती साथ देत असेल तर ऑपरेशन साधारण 48 तासांच्या आत व्हावे. साखर किंवा बीपीसाठी थांबवले असेल तर ‘किती दिवस आणि कशासाठी?’ हे विचारायला संकोच करू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

सळई की गोळा?

हाड कुठे मोडले त्यावर ते ठरते. मांडीच्या हाडाची मान मोडली आणि हाड सरकले, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. तो गोळा पुढे मरू शकतो. म्हणून वयस्कर माणसात बहुधा गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडले असेल तर तिथे रक्तपुरवठा चांगला असतो, हाड जुळते. तिथे प्लेट आणि स्क्रू, किंवा हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्यातून जाडसर स्क्रू थेट गोळ्यात बसवतात.

या स्क्रूची जागा फार महत्त्वाची. म्हातारपणी हाड भुसभुशीत झालेले असते. स्क्रू गोळ्याच्या कडेला बसला, तर पावलागणिक तो हाड कातरत वर सरकतो आणि एक दिवस गोळा फोडून बाहेर येतो. मग दुसरे ऑपरेशन करावे लागते. स्क्रू गोळ्याच्या मधोमध आणि खोलवर असावा. समोरून आणि बाजूने काढलेल्या दोन्ही एक्स-रेत स्क्रूचे टोक गोळ्याच्या शेंड्यापासून किती दूर आहे ते मोजतात, आणि दोन्ही अंतरांची बेरीज 25 मिलिमीटरच्या आत ठेवतात. 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या मर्यादेत बसवलेल्या 120 स्क्रूंपैकी एकही बाहेर आला नव्हता.

मात्र आधी मोडलेले तुकडे नीट जुळवावे लागतात. ते वाकडे राहिले तर चांगला स्क्रूही टिकत नाही. म्हणून डॉक्टर प्रथम बारीक तार घालतात, सी-आर्म यंत्रावर दोन बाजूंनी पाहतात आणि मगच स्क्रू फिरवतात.

घरच्यांनी विचारावे असे

- हाड कुठे मोडले आहे? सळई बसवणार की गोळा बदलणार?
- ऑपरेशननंतरचे दोन्ही बाजूंचे एक्स-रे दाखवाल का? स्क्रू मधोमध आहे का?
- पायावर भार कधीपासून द्यायचा?
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन या रुग्णालयात बसते का? (हे आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.)

हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घरी जपून ठेवा.

ऑपरेशननंतर

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे करावे. दुखते म्हणून झोपवून ठेवू नका. दुखणे कमी करणारे औषध मागा आणि चालवा. कुशी बदलत राहा. म्हातारे माणूस रात्री असंबद्ध बोलू लागले तर ‘वेड लागले’ म्हणू नका. ऑपरेशननंतर असे होऊ शकते. डॉक्टरांना लगेच सांगा.

गोळा बदलला असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत मांडी घालून, उकिडवे किंवा पाटावर बसू देऊ नका. गोळा निखळू शकतो. सार्वजनिक शौचालयात उकिडवे बसावे लागते, म्हणून घरात कमोड खुर्चीची सोय आधीच करा.

जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, पोटरी सुजणे, जांघेतले दुखणे पुन्हा वाढणे, पाय अचानक आखूड होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अचानक दम लागला तर क्षणभरही थांबू नका. 108 ला फोन करा.

दुसरा खुबा वाचवा

एकदा हाड मोडलेल्या माणसाचे दुसऱ्यांदा मोडण्याचा धोका जास्त असतो. हाडे ठिसूळ झाली आहेत का ते तपासून औषध सुरू करायला सांगा. जेवणात नाचणी, तीळ, दूध, काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट असू द्या. रोज थोडा वेळ उन्हात बसवा. मोरीशेजारच्या भिंतीला धरायला दांडा ठोका, रात्री एक छोटा दिवा चालू ठेवा, आणि शौचालयाला जाताना म्हाताऱ्या माणसाला एकटे सोडू नका.