ग्राउंड कधी आहे?

पहाटेचे साडेपाच. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, विद्यापीठाच्या अलीकडे, मुरूम टाकून सपाट केलेल्या मैदानावर मी उभा आहे. डिसेंबरची थंडी आणि मिट्ट काळोख. शंभरेक पोरंपोरी इथं पळताहेत, पण दिसत कुणीच नाही. मुरमावर बुटांचा करकर आवाज एका बाजूनं वाढत येतो, समोरून धापांसकट जातो आणि पलीकडे विरतो. मधोमध मोबाइलच्या उजेडात एक चेहरा तेवढा दिसतो. हे सर. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. गळ्यात शिट्टी, अंगावर जुनं फौजी जॅकेट.

"पन्नास! एक्कावन! लेका, कुणाच्या लग्नाला चाललास? अठ्ठावन मनलो होतो ना?"

अठ्ठावन्न हा या मैदानाचा आकडा आहे. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर पळायचं असतं. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आला तर वीसपैकी वीस गुण. इथला राऊंड तीनशे मीटरचाच भरतो; सोळाशे म्हणजे पाच राऊंड आणि वर शंभर. हिशेब केला की एका राऊंडला अठ्ठावन्न सेकंद येतात. पोरगा पहिला राऊंड पन्नासात मारतो, दुसरा पंचावन्नात आणि चौथ्यापासून त्याचे खांदे कानाला टेकायला लागतात. सर ओरडतात ते सावकाश पळण्यासाठी. पळण्याच्या मैदानावर हे ऐकायला गंमत वाटते, पण नवख्याला शिकवायची अवघड गोष्ट हीच असावी.

उजाडायला लागतं तसे चेहरे दिसू लागतात. मुखेड, कंधार, नायगाव, देगलूरकडची पोरं. कुणाच्या पायात चांगले बूट, कुणाच्या पायात बाजारातले कॅनव्हासचे, दोघं-तिघं अनवाणी. मैदानाच्या टोकाला फ्लेक्स लावलाय आणि त्यावर अविनाश साबळे पाण्यावरून झेप घेतोय. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव. बारावीनंतर फौजेत गेला, महार रेजिमेंटमधून सियाचिनला राहिला, मग पळायला लागला. त्याची शर्यत तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे सरळसरळ अडथळ्यांची: अठ्ठावीस उड्या आडव्या लाकडांवरून आणि सात पाण्यावरून. 2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याच्या वेळा इथल्या पोरांना तोंडपाठ आहेत. पाढे तितके पाठ असतील असं वाटत नाही.

फ्लेक्सच्या खालीच इथला अडथळा आहे. पोरांनीच खणलेला नऊ फुटी खड्डा. अग्निवीरच्या मैदानी चाचणीत तो ओलांडावा लागतो. त्याला गुण नाहीत, पण चुकला तर खेळ संपला. शेजारी झिगझॅगचा अरुंद पाट. खड्ड्यापुढे रांग लागते. एकेक जण धावत येतो, काठावर पाय टाकतो, हवेत हात मारतो आणि पलीकडच्या भुसभुशीत मातीत धप्पकन पडतो. साबळेच्या पाण्याचा खड्डा बारा फुटांचा असतो हे मी शेजारच्याला सांगतो. तो म्हणतो, "आन् आदी आडवं लाकूड ऱ्हातंय, ते नाही सांगितलं तुमी."

खड्ड्याच्या काठावर एक पोरगा पँट गुडघ्यापर्यंत सरकवून बसलाय. नायगावकडचा आहे. दोन्ही नळ्यांवर काळे ठिपके ओळीनं. बिब्बा घातलाय. बिब्ब्याच्या चटक्यानं दुखणं ओढून निघतं, हा आपल्याकडचा जुना समज. प्रत्यक्षात कातडी भाजते, त्या आगीत आतलं दुखणं चार दिवस ऐकू येत नाही.

"काय झालं रे?" सर विचारतात.

"शिन पेन हाय सर."

"कवापासून दुखूलालंय?"

"जाहिरात निघाल्यापासून."

आजूबाजूची पोरं हसतात. मला मात्र वाटतं, या भागातल्या पळण्याच्या दुखापतींचं इतकं नेमकं कारण दुसरं कुणी सांगणार नाही. पोरगा वर्षभर आठवड्यातून तीनदा-चारदा पळतो, तेही शेतातलं काम उरकून. मग भरतीची जाहिरात येते आणि एका आठवड्यात तो सकाळ-संध्याकाळ पळायला लागतो. रोज सोळाशेचा ट्रायल, वर शंभरचे फेरे, वर खड्डा. फुप्फुसं आठ-दहा दिवसांत साथ द्यायला लागतात, पोटऱ्या पंधरवड्यात. हाड मात्र आपल्या गतीनं चालतं. ताण वाढला की ते आधी जुनं काढून टाकतं आणि मग नवं भरतं. काढायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने लागतात. या मधल्या काळात ते कच्चं असतं, आणि नेमक्या याच काळात पोरगा सगळ्यात जास्त पळतो.

हे फौजेला पूर्वीपासून माहीत आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरनं 1855 मध्येच सैनिकांचे सुजलेले, ठणकणारे पाय नोंदवून ठेवले. क्ष-किरण यायच्या आधीची गोष्ट. पुढे फोटो निघाले तेव्हा कळलं की ती हाडाला गेलेली बारीक चीर होती. रंगरूट नवा आणि कवायत अचानक वाढलेली, हे त्याचं जुनं समीकरण. आपल्याकडे रंगरूट व्हायच्या आधीच ती चीर पडते, एवढाच फरक.

सर पोराच्या नळीवर अंगठा फिरवतात. "इथंच दुखतंय, का सगळीकडं?"

"सगळीकडं सर. हितून हितपर्यंत." वीतभर दाखवतो.

"मग बरं हाय. बोटाएवढ्या जागी दुखलं आसतं तर घरी धाडलो आसतो." सर त्याला आठवडाभर पळणं बंद सांगतात; तेवढे दिवस सायकल, पोटाचे व्यायाम आणि टाचा उचलणं. बिब्ब्याबद्दल एक शिवी. शिवाय सगळ्यांना हुकूम, की आजपासून एक दिवस उजवीकडून राऊंड, एक दिवस डावीकडून. तीनशेच्या आखूड मैदानावर रोज एकाच बाजूला वळलं की दोन पायांवर सारखा भार येत नाही.

पोरगा सगळं ऐकून घेतो आणि शेवटी विचारतो, "आन् सर, आठवड्यात ग्राउंड निघालं तर?"

सर फौजी आहेत, पण याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. 2024 साली राज्यात 17 हजार 471 जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले आणि मैदानी चाचणी, म्हणजे पोरांच्या भाषेत ग्राउंड, सुरू झाली ती 19 जूनला, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. उन्हाळाभर तापलेल्या फुफाट्यात पळालेली पोरं चिखलात उतरली. मॅरेथॉनवाला आधी शर्यतीची तारीख बघतो, सोळा आठवडे मागे मोजतो आणि सराव आखतो. इथं तारीखच माहीत नसते. त्यामुळे सराव आखता येत नाही, कायम शिगेला ठेवावा लागतो. तीन दिवस हलकं, एक दिवस जोरात, आठवड्याला थोडंच वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं: ही पुस्तकी घडी उद्याची खात्री असलेल्या माणसाची आहे. पोरांना सल्ला कळत नाही असं कुणी म्हणालं, की मला तो माणूस या मैदानावर आणून उभा करावासा वाटतो.

आठ वाजता मैदान रिकामं होतं. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, गूळ आणि एकेक केळ. मग खोलीवर लेखीचा अभ्यास.

मी गाडीनं लातूरकडे निघतो. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर. नवा रस्ता गुळगुळीत झालाय आणि त्याच्या कडेची पांढरी पट्टी आता गावोगावच्या पोरांचा ट्रॅक आहे. काळ्या रानात पळता येत नाही; पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात पाऊल अडकेल अशा भेगा. म्हणून रस्ता. पण रस्त्याची कड पाण्यासाठी उतरती केलेली असते. एकाच बाजूनं पळत राहिलं की एक पाय कायम उंचावर, दुसरा खाली. माळाकोळीच्या पुढे तिघं जण गाड्यांकडे पाठ करून पळताना दिसतात, मागून उसाचे ट्रॅक्टर. मी काच खाली करून सांगतो, "समोरून गाड्या दिसतील असे पळा रे." एक जण हात वर करतो, पळत राहतात तसेच.

चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, लातूरला आणि नांदेडजवळ मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं, बाभळगावला पोलिसांचं. या कुंपणांच्या आत दोर आहेत, भिंती आहेत, खंदक आहेत, वेळेवर जेवण आहे आणि पाय दुखला तर दाखवायला डॉक्टर आहे. कुंपणाच्या बाहेर रस्त्याची ती पांढरी पट्टी आहे.

संध्याकाळी लातूरच्या क्रीडा संकुलात वेगळीच जत्रा. चालणारे, पळणारे, शिकवणीतून सुटलेली नीटवाली पोरं, स्केटिंगचे चिमुरडे. हौशी धावकांचा एक गट कडेला पाय ताणतोय. कापडवाले, प्राध्यापक, दोन बँकवाले. मनगटावर घड्याळं, तोंडात हाफ, पेस, कार्बन प्लेट. एकाचा गुडघा दुखतोय म्हणून त्यानं मुंबईची शर्यत यंदा सोडून दिली, हे तो अगदी सहज सांगतो. हेवा वाटावा इतकं सहज. मला त्यांच्यावर हसायचं नाही. पन्नाशीत मधुमेह मागे ठेवून पळणारा माणूस शहाणाच. पण याच ट्रॅकवर, त्यांच्याच शेजारून, 'सोडून दिली' म्हणणं परवडत नसलेली पोरगी लंगडत चाललीय.

त्या गटातले एक हाडांचे डॉक्टर आहेत. पळून झालं की ते पायरीवर बसतात आणि भरतीची पोरं आपोआप जमतात. फी नाही, कागद नाही. आत्ता समोर ती पोरगी बसलीय, औसा तालुक्यातली, सोबत वडील. पांढरा सदरा, हातात रिकामी बाटली.

"एका पायावर उडी मार बरं, माय."

ती मारते. खाली येताना चेहरा आवळतो. डॉक्टर एकाच बोटानं नळीच्या आतल्या कडेवर दाबत खाली येतात. एका जागी ती पाय झटकन मागं घेते.

"रात्री दुखतं?"

"झोपच लागत नाही."

डॉक्टर खालची पापणी ओढून बघतात. फिकी. मग वडिलांकडे वळतात, "मामा, जरा बाटली भरून आणता का?" मामा नळाकडे गेले की हळूच विचारतात, पाळी वेळेवर येते का. ती मान हलवते. तीन महिन्यांपासून नाही. वजन कमी करायला तिनं रात्रीची भाकरी सोडलीय, हेही निघतं. आठशे मीटर दोन पन्नासमध्ये यायचं तर हलकं व्हायला पाहिजे, असं तिला कुणीतरी सांगितलंय. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीतच आहे. त्यात जेवण तोडून रोज पळणं. हाड भरायला लागणारा माल बंद आणि तोडफोड चालू.

मामा परततात. डॉक्टर सांगतात: पळणं आजपासून बंद, उड्याही बंद. एक्स-रे काढा, पण सुरुवातीला तो साफ येऊ शकतो. साफ आला म्हणून पळायला लागू नका, पुन्हा दाखवा. रक्त तपासा. दोन्ही वेळा भाकरी, वरण, दूध, जमत असेल तर अंडं. कमीत कमी सहा आठवडे. आणि दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन ग्राउंड द्यायचं नाही. "दुखणं बंद झालं म्हणजे चीर बुजली असं नाही. तशीच पळालीस आणि हाड तुटलं तर भरती राहू दे, चालायला महिने जातील."

"इंजेक्शन मारून पास झाल्यात की पोरी," ती म्हणते.

"झाल्या त्या दिसतात. मोडल्या त्या माझ्याकडे येतात."

ती बोटांवर काहीतरी मोजते. आठवडे नव्हे, गुण मोजतेय. आठशेचे वीस, शंभरचे पंधरा, गोळ्याचे पंधरा.

"गोळा टाकू का मग, सर?"

"किती जातो?"

"पाचच्या आसपास."

"पूर्ण गुण सहा मीटरला ना?" डॉक्टर विचार करतात. "पायावर भार द्यायचा नाही. बसून टाक. खुर्चीत, पाय टेकवून, नुसत्या खांद्यानं आणि पाठीनं. मोठे खेळाडूसुद्धा असा सराव करतात. चार किलोचाच घे, आठवड्यातून तीनदा. आणि लेखीला बस."

"खुर्ची?" मामा इकडेतिकडे बघतात. मग बाटली पोरीच्या हातात देऊन फाटकाकडे निघतात. वॉचमनशी बरंच बोलणं होतं. शेवटी तो आपल्या बुडाखालची निळी प्लास्टिकची खुर्ची काढून देतो आणि मागून ओरडतो, "सातला परत पाहिजे हां! आन् मोडली तर भरून द्यावी लागंल!"