जुना संगणक: दान की अडगळ?

मंडळी, कठोपनिषदातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. नचिकेताचे वडील यज्ञात गायी देत होते. कशा? चारा-पाणी संपलेल्या, दूध आटलेल्या. असं दान देणाऱ्याला काय मिळणार, हा त्या पोराचा प्रश्न. विद्यापीठाचे जुने संगणक शाळेला देताना हाच प्रश्न विचारायला हवा. बंद यंत्र शाळेला टाकताही येत नाही. ते डेड स्टॉक रजिस्टरवर चढतं आणि खोली अडवून बसतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणून ते मेले का? नाही. धूळ काढा, रॅम वाढवा, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा, मराठी चालणारं लिनक्स टाका. मुलांचं लिहिणं-वाचणं त्यावर छान होतं.

काढलेल्या डिस्कचं काय? फाइल डिलीट केली की अनुक्रमणिकेतली ओळ जाते, पुस्तकाची पानं तशीच राहतात. त्यात विद्यार्थ्यांचे गुण असतात, आधार क्रमांक असतात. तेव्हा डिस्क पूर्ण पुसायची, नाहीतर फोडायची.

जे दुरुस्तच होत नाही तो ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार विद्यापीठासारख्या मोठ्या वापरकर्त्याला तो नोंदणीकृत संस्थेकडेच सोपवावा लागतो. शाळेकडे नव्हे.

इथे बजाजनगरात गाड्या बनवणारी माणसं राहतात. गाडी चालू करून पाहिल्याशिवाय ती गिऱ्हाइकाला देत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगायचं? फुकट घेणाऱ्यालाही तेवढा हक्क आहे.