सरावाचे साक्षीदार

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या पश्चिमेस, मॅरिबर्नॉन्ग नदीच्या पलीकडे, फूट्सक्रे नावाचे जुने उपनगर आहे. एके काळी हा सारा परिसर कारखाने, दगडांच्या खाणी आणि कामगारांची बैठी घरे यांनी व्यापलेला होता. याच वस्तीत, लोहमार्गापासून जवळच, व्हिटन ओव्हल हे लंबवर्तुळाकार क्रीडांगण आहे. तेथील बोचरा वारा शहरभर प्रसिद्ध आहे. अशा वाऱ्यातही ज्या सकाळी ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ या संघाचा खुला सराव असतो, त्या सकाळी क्रीडांगणाच्या कुंपणाशी माणसे जमू लागतात. कोणी निवृत्त कामगार असतो, कोणी तान्ह्या मुलाला घेऊन आलेली आई असते, तर कोणी शाळेला सुट्टी असल्यामुळे आजोबांचे बोट धरून आलेला मुलगा असतो. त्यांच्या गळ्यात संघाच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांचे गळपट्टे असतात.

सामना पाहावयास लोक लोटतात, यात नवल नाही. परंतु सरावात हार नाही, जीत नाही. गुण मोजले जात नाहीत आणि शेवटी कोणाचा जयजयकारही होत नाही. मग ही माणसे तेथे काय पाहावयास येतात? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रथम तो खेळ समजून घेतला पाहिजे.

हा खेळ ऑस्ट्रेलियन फूटबॉल या नावाने ओळखला जातो. त्याचा जन्मच मुळी सरावाच्या गरजेतून झाला. 1858 साली टॉम विल्स या नामांकित क्रिकेटपटूने मेलबर्नमधील एका वृत्तपत्रास पत्र लिहिले. हिवाळ्यात क्रिकेट बंद असते. त्या काळात खेळाडूंची शरीरे सुस्त होऊ नयेत, म्हणून एखादे फूटबॉल मंडळ स्थापन करावे, अशी सूचना त्याने त्या पत्रात केली होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1859 च्या मे महिन्यात, विल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाचे नियम प्रथम लिहून काढले. क्रिकेटची विस्तीर्ण मैदाने हिवाळ्यात मोकळीच असत. त्यामुळे हा खेळ त्या मैदानांवर रुजला, आणि आजही तो लंबवर्तुळाकार मैदानावरच खेळला जातो.

प्रत्येक बाजूचे 18 खेळाडू एका वेळी मैदानात असतात. चेंडू गोल नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो पायाने लाथाडता येतो. परंतु हाताने फेकता येत नाही. एका हाताच्या तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारूनच तो सहकाऱ्याकडे द्यावा लागतो. चेंडू घेऊन धावणाऱ्याने दर 15 मीटरांच्या आत तो जमिनीवर आपटला किंवा टेकवला पाहिजे. पायाने उडवलेला चेंडू 15 मीटर अंतर कापून आल्यावर एखाद्याने जमिनीला लागण्यापूर्वी अचूक झेलला, तर त्या झेलास ‘मार्क’ म्हणतात, आणि झेलणाऱ्यास निर्वेधपणे चेंडू मारण्याचा हक्क मिळतो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडला, तर 6 गुणांचा गोल होतो; बाजूच्या जागेतून तो गेला, तर केवळ 1 गुण पदरी पडतो. मैदान एवढे मोठे, की मधल्या फळीतील खेळाडू एका सामन्यात 12 ते 15 किलोमीटर धावतो.

निमुळत्या चेंडूचा स्वभाव लहरी असतो. तो जमिनीवर आपटला, की कोणत्या दिशेला उसळी घेईल, याचा भरवसा नसतो. त्याला वश करावयाचे, तर एकच क्रिया हजारो वेळा करावी लागते. म्हणून सरावात खेळाडूंच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहतात आणि चेंडू पायाने एकमेकांकडे मारीत राहतात. चेंडू हातातून पायावर किती सरळ सोडला, पायाचा कोणता भाग त्याला लागला आणि तो हवेत उलटा गरगरत गेला की वेडावाकडा भिरभिरला, यावर प्रशिक्षकाची नजर असते. नंतर मुठीने चेंडू देण्याघेण्याचा अभ्यास होतो. त्यानंतर लहान लहान गट करून लुटुपुटीचे सामने खेळले जातात. सर्वांत शेवटी, अंग दमून गेलेले असताना, गोलावर नेम साधावयाचा असतो. कारण सामन्यातही तो दमलेल्या पायांनीच साधावा लागतो.

कुंपणाशी उभे असलेले पाठीराखे हे सारे बारकाईने पाहत असतात. उन्हाळ्यात, म्हणजे तेथील डिसेंबर-जानेवारीच्या कडक उन्हात, संघाची पूर्वतयारी चालू असते. त्या दिवसांत नव्याने निवडलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुले प्रथमच ज्येष्ठांबरोबर धावताना दिसतात. कोणाचा डावा पाय गतवर्षीपेक्षा सुधारला, कोण धावण्यात मागे पडतो, कोण चुकल्यावर मान खाली घालतो आणि कोण पुन्हा चेंडू मागून घेतो, हे पाठीराख्यांना सरावातच कळते. मैदानाच्या कडेने एखादा खेळाडू गुडघ्याला पट्टी बांधून एकटाच धावत असतो. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, की शस्त्रक्रियेनंतर त्याला प्रथम चालावयास, मग सरळ धावावयास आणि मग वळावयास नव्याने शिकावे लागते. यात बहुधा नऊ महिने ते वर्ष निघून जाते. सामन्याच्या दिवशी असा खेळाडू कोणालाच दिसत नाही. तो दिसतो केवळ सरावाला येणाऱ्यांना. कुंपणापाशी आल्यावर लोक त्याला नावाने हाक मारतात. त्या हाकेने त्याचा गुडघा बरा होत नाही, हे खरे. परंतु आपण विसरले गेलो नाही, एवढे त्याला समजते.

आपल्याकडे तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांचा जोर पाहणारी म्हातारी माणसे जे करतात, तेच ही माणसे करीत असतात. कुस्ती जत्रेत जिंकली जाते. पण मल्ल कसा घडला, हे तालमीच्या कट्ट्यालाच ठाऊक असते.

व्हिटन ओव्हलवरील सरावाला आणखी एका कारणाने महत्त्व आले आहे. पूर्वी मेलबर्नमधील प्रत्येक उपनगराचा संघ आपापल्या मैदानावर सामने खेळत असे. शनिवारी दुपारी गल्लीतील लोक पायी चालत मैदानाकडे जात. पुढे स्पर्धेचा विस्तार झाला, इतर राज्यांचे संघ तीत आले, आणि सामने शहरातील मोजक्या भव्य मैदानांवर होऊ लागले. व्हिटन ओव्हलवर या संघाच्या पुरुषांचा साखळीतील शेवटचा सामना 1997 साली झाला. कॉलिंगवुडचे जुने मैदान 1999 साली, तर कार्लटनचे 2005 साली असेच मागे पडले. सामना वस्तीतून निघून गेला. सराव मात्र वस्तीतच राहिला. त्यामुळे पुरुषांचा हा पहिला संघ आपल्याच मैदानाच्या गवतावर पाहावयाचा असेल, तर बहुधा सरावालाच जावे लागते. एरवी ज्यांना दूरच्या उंच आसनावरून किंवा दूरदर्शनच्या पडद्यावर पाहावयाचे, ते खेळाडू तेथे हाताच्या अंतरावर असतात. सराव संपल्यावर ते कुंपणापाशी येतात, मुलांच्या टोप्यांवर स्वाक्षऱ्या करतात आणि वृद्धांची विचारपूसही करतात.

फूट्सक्रेच्या लोकांचे संघाशी असलेले नाते एका मोठ्या संकटातून तावून सुलाखून निघाले आहे. फूट्सक्रेचा संघ 1925 साली राज्याच्या प्रमुख स्पर्धेत दाखल झाला आणि 1954 साली त्याने पहिले अजिंक्यपद मिळवले. ज्याच्या नावाने आज हे मैदान ओळखले जाते, तो टेड व्हिटन त्या विजयी संघात होता. पुढे मात्र यशाने पाठ फिरवली. 1961 साली संघ अंतिम सामन्यात हरला, आणि हळूहळू कर्जही वाढले. 1989 च्या ऑक्टोबर महिन्यात अशी घोषणा झाली, की हा संघ फिट्झरॉय या दुसऱ्या संघात विलीन केला जाईल.

ही वार्ता ऐकताच साऱ्या वस्तीत खळबळ उडाली. लोक आपल्या मैदानावर हजारोंच्या संख्येने जमले. एका सामान्य पाठीराखिणीच्या नावाने न्यायालयात दावा दाखल झाला. संघ वाचवावयाचा, तर थोड्या आठवड्यांत सुमारे 15 लाख डॉलर उभे करणे आवश्यक होते. फूट्सक्रे हे काही धनिकांचे उपनगर नव्हे. तरीही लोक डबे घेऊन दारोदार फिरले, रस्त्याच्या नाक्यावर उभे राहिले, आणि ज्याला जे शक्य झाले ते त्याने दिले. आवश्यक ती रक्कम जमली, विलीनीकरण रद्द झाले आणि संघ वाचला. फिट्झरॉयचा संघ मात्र पुढे 1996 साली दूरच्या ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. त्या वस्तीतील लोकांना आपल्या संघाचा सराव पाहण्याचे सुखही उरले नाही.

1996 च्या अखेरीस संघाने ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ हे नाव धारण केले. परंतु दैव काही लगेच बदलले नाही. 1985 पासून 2010 पर्यंत हा संघ उपांत्य फेरीपर्यंत सात वेळा पोहोचला आणि सातही वेळा अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परतला. अशा पराभवानंतरच्या उन्हाळ्यातही सराव पुन्हा सुरू होई, आणि कुंपणाशी तीच माणसे पुन्हा उभी राहत.

2016 सालच्या प्रारंभी रॉबर्ट मर्फी हा संघाचा कर्णधार होता. 2000 सालापासून तो या एकाच संघाकडून खेळत आला होता. हंगामातील तिसऱ्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि त्याचे ते वर्ष संपले. ईस्टन वुड याने कर्णधारपद सांभाळले. साखळीअखेर 18 संघांत बुलडॉग्जचा क्रमांक सातवा होता. सातव्या क्रमांकावरून अजिंक्यपद मिळवणारा संघ तोपर्यंत झालेला नव्हता. परंतु या संघाने बाद फेरीतील तीन सामने ओळीने जिंकले आणि 55 वर्षांनी अंतिम सामना गाठला.

त्या आठवड्यात व्हिटन ओव्हलवर झालेल्या सरावाला हजारो लोक लोटले. एरवी काही मोजकी माणसे जेथे उभी असत, तेथे पाऊल ठेवावयास जागा उरली नाही. 1954 चा विजय लहानपणी पाहिलेले वृद्ध होते, 1989 साली डबे घेऊन फिरलेले प्रौढ होते, आणि या दोन्ही गोष्टी केवळ ऐकलेली मुलेही होती. खेळाडू तर नेहमीचेच धडे गिरवीत होते: चेंडू सोडणे, मारणे, झेलणे. परंतु पाहणाऱ्यांच्या दृष्टीने त्या साध्या क्रियांत साठ वर्षांची प्रतीक्षा सामावली होती.

1 ऑक्टोबर 2016 रोजी, मेलबर्नच्या ज्या विशाल मैदानावर उन्हाळ्यात क्रिकेटचे कसोटी सामने होतात, त्याच मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षकांसमोर बुलडॉग्जने सिडनीच्या संघाचा 89 विरुद्ध 67 गुणांनी पराभव केला. पारितोषिक-समारंभात प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी जखमी मर्फीला मंचावर बोलावले. विजेत्या प्रशिक्षकास मिळणारे पदक त्यांनी स्वतःच्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातले. मर्फीने तो सामना खेळला नव्हता. अजिंक्यपदाचा अंतिम सामना खेळण्याचे भाग्य पुढेही त्याला लाभले नाही. 2017 साली तो मैदानावर परतला आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. परंतु ते पदक त्याला का दिले गेले, हे समजावून सांगण्याची गरज सरावाला येणाऱ्या लोकांना भासली नाही. मैदानाबाहेरचे श्रमही संघाचेच असतात, हे ते वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहत आले होते.

त्यानंतर सगळेच विजय मिळाले, असे नाही. 2021 साली हा संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचला आणि मोठ्या फरकाने हरला. दरम्यान संघाच्या महिलांनी 2018 साली आपल्या स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवले. फूट्सक्रेची वस्तीही बदलली आहे. जुने कारखाने बंद पडले. व्हिएतनाम, आफ्रिका आणि भारत येथून आलेली कुटुंबे शहराच्या पश्चिम भागात स्थिरावली. या घरांतील मुलांना आईवडिलांकडून या खेळाचा वारसा मिळत नाही. ती कुंपणापाशी उभी राहून तो मिळवतात. शेजारी उभा असलेला एखादा वृद्ध त्यांना खेळाडूंची नावे सांगतो, चेंडू कसा धरावा हे दाखवतो, आणि बोलता बोलता डबे घेऊन फिरण्याची ती जुनी हकीकतही सांगून जातो.

विजयाचा दिवस पुष्कळांच्या वाट्याला येतो, कारण त्या दिवशी सारेच आपले असतात. परंतु ज्या सकाळी वारा बोचत असतो, गुण कोणी मोजत नसतो आणि एक थकलेला खेळाडू चुकलेला नेम पुन्हा एकदा साधून पाहत असतो, त्या सकाळीही कोणीतरी कुंपणाशी उभे असावे लागते. फूट्सक्रेचा संघ आज टिकून आहे, तो अशा माणसांमुळे.