सौरदिवा पावसाळ्यात चालतो का?

सोलर दिवा उन्हाच्या तापावर चालतो, त्यामुळे कोकणच्या पावसात तो निरुपयोगी, असं बरेच जण धरून चालतात. पण पॅनेलमधले सौरघट (सिलिकॉनच्या पातळ चकत्या) वीज करतात ती प्रकाशापासून. फार तापले तर उलट ती घटते. आभाळ भरलं की नळाची धार बारीक व्हावी तसं होतं: कळशी, म्हणजे दिव्याची बॅटरी, भरते, पण सावकाश. म्हणून आषाढात दिवा मंद ठेवावा आणि पॅनेल फणसाच्या सावलीतून काढून, शेवाळ पुसून मोकळ्यावर तिरकं ठेवावं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडातल्या कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी या दिव्यामुळे रॉकेलच्या चिमणीचा धूर न खाता मुलांना वाचता येणं आणि रात्री पायवाटेवरचं फुरसं वेळीच दिसणं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.