टायर पॉलिश

टायर पॉलिश (टायर ड्रेसिंग) हे वाहनाच्या टायरच्या बाहेरील बाजूस लावायचे, रबराचा काळा रंग गडद करणारे द्रव किंवा मलमासारखे प्रसाधन होय. मोटारीच्या धुलाईनंतरची ही अखेरची पायरी मानली जाते. पॉलिशमुळे टायरचे रूप खुलते. त्याची पकड किंवा मजबुती वाढत नाही.

रबराचा रंग का बदलतो

टायरच्या रबरात कार्बनची काजळीसारखी बारीक पूड मिसळलेली असते. टायरचा काळा रंग व बळकटी मुख्यतः तिच्यामुळे येते. ओझोन वायूने रबराला भेगा पडू नयेत म्हणून मेण आणि ओझोनरोधक रसायनेही घालतात. ही द्रव्ये हळूहळू पृष्ठभागावर येतात व हवेच्या संपर्काने तपकिरी होतात. त्यामुळे केवळ तपकिरी झाक दिसली म्हणजे टायर निकामी झाला, असे नव्हे.

प्रकार

पाण्यावर आधारित पॉलिश बहुधा दुधाळ असते. त्याची चमक सौम्य असते. पेट्रोलियम द्रावकावर आधारित पॉलिश अधिक चकाकते व पावसात अधिक टिकते; मात्र ते चिकट राहिल्यास त्यावर धूळ बसते. दोन्ही प्रकारांत सिलिकॉन तेल आढळते. डिझेल, रॉकेल किंवा इंजिनमधील वापरलेले तेल टायरला लावू नये. खनिज तेलाने रबर फुगते व कमकुवत होते.

लावण्याची पद्धत

१. गाडी सावलीत उभी करावी व टायर थंड होऊ द्यावेत.

२. साबणाचे पाणी व ताठ ब्रश यांनी टायरची बाजू घासावी. फेस तपकिरी येणे थांबेपर्यंत हे पुन्हा करावे. मळावर पॉलिश नीट बसत नाही.

३. टायर पूर्ण कोरडा करावा. अक्षरांच्या खाचांतील पाणीही टिपून घ्यावे.

४. स्पंजवर थोडे पॉलिश घेऊन रिमच्या कडेपासून बाहेर, गोलाकार व पातळ थर द्यावा. थेट फवारा मारल्यास ते रिमवर व ब्रेकवर उडते.

५. गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे घेऊन जमिनीलगत राहिलेला भाग पूर्ण करावा.

६. पाच-दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा पॉलिश पुसावे. न पुसल्यास गाडी धावताना ते उडून मडगार्डवर व दारांवर काळे ठिपके पडतात.

दक्षता

जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार भागावर पॉलिश कधीही लावू नये. त्याने टायर घसरतो. ब्रेकच्या डिस्कवर ते गेल्यास ब्रेकची पकड कमी होते. दुचाकी वळताना कलते व टायरची कडही रस्त्याला टेकते, म्हणून दुचाकीच्या टायरला पॉलिश टाळणेच इष्ट.

चकाकीमुळे जुना टायरही नवा भासतो. वापरलेली गाडी घेताना म्हणूनच टायरवरील चार अंकी निर्मितिसंकेत पाहावा. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ या वर्षाचा २३ वा आठवडा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, की खाचांतील झीजदर्शक उंचवटे तिच्याशी समपातळीत येतात. बाजूला भेगा किंवा फुगवटा असल्यास टायर बदलणे हाच उपाय असतो.

छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) हे वाहन उद्योगाचे केंद्र आहे. वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शेंद्रा येथे स्कोडाचा मोटार प्रकल्प आहे. वाळूज परिसरात गुडइयरचा टायर कारखानाही आहे. शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी मिळते, परंतु ते अनेक दिवसांच्या अंतराने येते. अशा ठिकाणी नळीने धुण्याऐवजी दोन बादल्यांची पद्धत सोयीची ठरते : एकीत साबणाचे पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तापलेल्या रबरावर पॉलिश लगेच सुकून डाग पडतात, त्यामुळे हे काम सकाळी करावे. दसऱ्याला वाहनपूजेसाठी गाड्या धुण्याची प्रथा आहे. टायरच्या भेगा व झीज तपासण्यासही ती वेळ उपयुक्त ठरते.