आधी विकसक की आधी गट? काठीच्या निमित्ताने काही गैरसमज

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येते, हवी तशी बदलता येते आणि बदललेल्या रूपात पुढे देता येते, त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी आपापल्या गावी नियमित जमावे, हा प्रघात भारतात लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या गटांपासून रुजला असून मुंबई, पुणे, चेन्नई येथील असे गट जाणकारांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. मात्र नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी या, राजवाडी होळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या संदर्भात असा विषय निघाला, की पुढचे वाक्य बहुधा ठरलेले असते: तिथे डेव्हलपर आहेतच कुठे? हे वाक्य शहरातील तंत्रज्ञ बोलतात, शिक्षक बोलतात, आणि काठीतून पुण्याला शिकायला गेलेली मुलेही बोलतात. त्यामुळे त्याचा समाचार सविस्तर घेणे भाग आहे.

या आक्षेपात एक क्रम गृहीत धरलेला आहे, तो असा की विकसक, म्हणजे डेव्हलपर, आधी कुठेतरी घडतात, पुरेसे घडले की एकत्र येतात आणि त्यातून गट उभा राहतो. इतिहास पाहिला तर क्रम बहुतेक वेळा उलटा दिसतो. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण छंद म्हणून एक कार्यकारी प्रणाली, म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावरील इतर सॉफ्टवेअर यांना जोडणारे मूलभूत सॉफ्टवेअर, तयार करत असल्याचे जाहीर केले आणि लोकांच्या सूचना मागवल्या, तेव्हा त्याच्यामागे विकसकांची कोणतीही फौज नव्हती. ती त्या अर्धवट कामाभोवती, म्हणजे पुढच्या लिनक्सभोवती, नंतर जमली आणि जमता जमता शिकली. केरळात २००२ मध्ये ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ हा समुदाय सुरू झाला, तो मलयाळम अक्षरे संगणकावर नीट दिसत नाहीत या साध्या तक्रारीतून. टंक, म्हणजे फॉन्ट, आणि भाषासाधने तयार करणारी माणसे त्या कामातच तयार झाली. मुंबईतून २००० च्या सुमारास निघालेल्या ‘इंडलिनक्स’ या प्रयत्नाचेही मूळ प्रयोजन भारतीय भाषा लिनक्सवर आणणे हेच होते. तमिळनाडूतील विळुप्पुरम हे काही सॉफ्टवेअर उद्योगाचे केंद्र नव्हे, तरीही तेथील लिनक्स वापरकर्ता गट जिल्ह्यातील ग्रामीण तरुणांबरोबर काम करतो. एवढे दाखले समोर असताना ‘आधी विकसक आणा’ असा आग्रह धरणे म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू न देण्यासारखे आहे.

आक्षेपातील दुसरे गृहीत अधिक खोल आहे, ते म्हणजे सॉफ्टवेअर घडवणे याचा अर्थ केवळ आज्ञावली लिहिणे. कोणत्याही मोठ्या मुक्तस्रोत प्रकल्पात चाचणी घेणारे, चुका नोंदवणारे, अनुवाद करणारे, माहिती गोळा करणारे आणि कागदपत्रे लिहिणारे लोक लागतात. आणि काठीच्या परिसरात यांपैकी एक काम असे आहे की जे पुण्यातील कितीही निष्णात अभियंत्याला करता येणार नाही, ते म्हणजे येथल्या भाषांचे. या भागात भिली गटातील वसावी, नोइरी, पावरी अशा भाषा बोलल्या जातात. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा भिल्ल भाषांना वाहिलेला खंड १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आयएसओ ६३९-३ या जागतिक प्रमाणात भिली, वसावी, नोइरी यांना स्वतंत्र संकेतही दिलेले आहेत. म्हणजे या भाषा वेगळ्या आहेत हे संगणकाच्या जगाला सांगण्याची कागदोपत्री सोय झालेली आहे. उणीव आहे ती पुढच्या कामाची. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ हे अनुवादाचे साधन आणले व त्यात भिलीचा समावेश केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती भिली मध्य प्रदेशातील आहे, आणि सातपुड्याच्या अलीकडे बोलली जाणारी वसावी तिच्यात आपोआप सामावली गेली असे समजण्याचे कारण नाही.

हे पुढचे काम नेमके कसले असते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘हनस्पेल’ हा शुद्धलेखन तपासणारा मुक्तस्रोत कार्यक्रम मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाला आणि आज लिबरऑफिस व फायरफॉक्स दोन्ही त्याचा वापर करतात. त्याला एखादी नवी भाषा शिकवायची तर मुख्यतः दोन साध्या मजकूर-फायली लागतात: एकीत शब्दांची यादी आणि दुसरीत त्या शब्दांना कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. पहिली फाइल भरण्यासाठी प्रोग्रामिंगचा एक धडाही गिरवावा लागत नाही. त्यासाठी वसावी बोलणारी, ती देवनागरीत कशी लिहावी यावर आपसांत वाद घालायला तयार असलेली आणि वादाचा निकाल टिपून ठेवणारी माणसे लागतात. दुसरी फाइल लिहिताना मात्र व्याकरणाचा विचार नियमांच्या भाषेत मांडावा लागतो, आणि हा विचार जमला की आज्ञावली लिहिण्याचा निम्मा रस्ता चालून झालेला असतो. आश्रमशाळेतील शिक्षक, बारावी झालेली मुलगी आणि मराठीची जुजबी ओळख असलेले आजोबा मिळून हे काम करू शकतात. अशा तिघांना ‘विकसक’ म्हणायला जो कचरतो, त्याने मोठ्या प्रकल्पांच्या श्रेयनामावल्या एकदा उघडून पाहाव्यात; अनुवादकांची नावे तेथे मानाने नोंदलेली असतात.

नकाशाचेही तसेच आहे. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून भरायचा आणि कोणालाही वापरता येणारा जगाचा नकाशा आहे. डोंगराळ भागातील गाव म्हणजे विखुरलेले पाडे, आणि पाड्याचे नाव, तिथवर जाणारी पायवाट, पावसात वाट बंद पाडणारा नाला ही माहिती उपग्रहाच्या चित्रात नसते, ती तिथे राहणाऱ्याला असते. असा नकाशा करणे बेकायदा आहे ही भीती अधूनमधून व्यक्त होते. पण केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भूस्थानिक माहितीविषयी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना, संवेदनशील स्थळांची बंधने पाळून, पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची मोकळीक दिलेली आहे.

‘डेव्हलपर आहेतच कुठे’ या आक्षेपाच्या जोडीला असलेला दुसरा गैरसमज म्हणजे गट आणि प्रशिक्षणवर्ग एकच मानणे. एक दिवसाचे शिबिर, मागे फलक, शेवटी प्रमाणपत्र आणि छायाचित्र, एवढे झाले की गट स्थापन झाला असे समजून आयोजक परत जातात, आणि सहा महिन्यांनी ‘त्या लोकांना रस नाही’ असा निष्कर्ष काढतात, हे फारच वैताग आणणारे आहे. संगणक-साक्षरतेच्या एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमात शिकवणारा आणि शिकणारा ठरलेले असतात, अभ्यासक्रम संपला की नातेही संपते, आणि त्या रचनेत काही गैर नाही; गटात मात्र काम संपत नाही आणि आज विचारणारा उद्या सांगणारा होतो. यंत्रे पोहोचवली की काम झाले, हा याच समजाचा मोठा भाऊ. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील शाळेत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे लॅपटॉप आले, आणि त्यावरील ‘शुगर’ हे सॉफ्टवेअर पूर्ण मुक्तस्रोत होते. तो मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग होता व त्याच दृष्टीने त्याचे मोल आहे, परंतु मुक्त सॉफ्टवेअर वापरणारी शाळा आणि ते घडवणारा समुदाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंदुरबार जिल्ह्याला तर हा फरक वेगळा सांगायला नको, कारण देशातील पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये याच जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. इतरांनी रचलेल्या प्रणालीत आपली नोंद होणे म्हणजे काय, याचा अनुभव या जिल्ह्याने सर्वांच्या आधी घेतलेला आहे.

‘नेट नाही, मग गट कसा चालणार?’ हा प्रश्न मात्र निम्मा खरा आहे आणि त्याला झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. डोंगरात मोबाइलचा सिग्नल बेभरवशाचा असतो आणि विजेचेही फारसे वेगळे नसते. तरीही मुक्तस्रोत विकासाची मुख्य साधने अखंड जोडणी गृहीत धरून केलेलीच नाहीत, ही गोष्ट शहरी विकसकही विसरतात. २००५ मध्ये तयार झालेली ‘गिट’ ही प्रणाली, जी आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते, विकेंद्रित आहे. म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहासाची प्रत असते, दिवसभराचे काम नेटशिवाय नोंदवता येते, आणि सगळे बदल एका फाइलीत बांधून पेनड्राइव्हवरून दुसऱ्या गावी नेण्याची सोयही तिच्यातच आहे. नकाशाची माहिती विचारणारे ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे अॅप परिसराची माहिती एकदा उतरवून घेतल्यावर सिग्नल नसतानाही उत्तरे साठवते आणि जोडणी मिळाल्यावर पाठवते. ज्याच्याकडे संगणक नाही त्याला अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ या अॅपमधून आज्ञा देऊन पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकता येते. बाजाराच्या दिवशी मोलगीला किंवा अक्कलकुव्याला जाणाऱ्या एकाच्या फोनवरून आठवड्याचे काम वर चढले, तर तेवढी जोडणी सुरुवातीला पुरते.

नेटपेक्षा खरी अडचण वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. शहरी गट महिन्याच्या ठरावीक शनिवारी भेटतात, कारण त्यांच्या सभासदांना शनिवारी सुटी असते. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील अनेक कुटुंबे पावसाळी पिके आटोपली की ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातकडे जातात आणि होळीच्या सुमारास परततात. महाविद्यालयीन मुले नंदुरबार, शहादा, जळगाव येथील वसतिगृहांत असतात. अशा ठिकाणी बारमाही मासिक सभेचा हट्ट धरला तर तिसऱ्या सभेला कोणी उरणार नाही. होळीनंतर पाऊस सुरू होईपर्यंतचे महिने प्रत्यक्ष एकत्र बसून काम करण्यासाठी, आणि उरलेला काळ वसतिगृहांतील मुलांनी दुरून काम पुढे नेण्यासाठी, अशी विभागणी येथील जगण्याशी जुळते.

‘फुकट कोण राबणार?’ या प्रश्नाचे उत्तर सातपुड्यात द्यावे लागू नये. शेत किंवा घर यांच्या कामाला शेजाऱ्यांना बोलवायचे, ज्याचे काम त्याने जेवण घालायचे आणि पुढे त्यांच्याही कामाला जायचे, ही लाहाची रीत येथे जुनी आहे. पण लाहा परतफेडीवर टिकतो, हे गटानेही विसरू नये. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या, जगभरातील असंख्य संगणकांवर असलेल्या छोट्या मुक्तस्रोत साधनात चोरदरवाजा घुसवल्याचे उघड झाले, तेव्हा त्यामागे थकलेला, एकट्याने वर्षानुवर्षे भार वाहिलेला देखभालकर्ता आणि मदतीच्या मिषाने विश्वास संपादन केलेला अनोळखी इसम, अशी कहाणी समोर आली. सगळे वापरतात आणि एकच राबतो, ही स्थिती काठीत आली तर गट बंद पडायला दोन वर्षेही लागणार नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतात. मुक्तस्रोत म्हणजे फुकट नव्हे: मुंबईत घडलेले ‘ईआरपीनेक्स्ट’ हे व्यवसाय-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे आणि ते घडवणारी कंपनी सेवेचे पैसे घेते. गटाची आधी नोंदणी हवी हेही खरे नाही. लिनक्सवर आधारलेल्या ‘डेबियन’ या प्रणालीचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याला कायदेशीर छत्र देणारी संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे देणग्या आणि बँक खाते यांचा प्रश्न येईपर्यंत काठीलाही घाई नाही. इंग्रजीशिवाय अडते हे खरे, पण किती? पायथनचे राखीव शब्द ३५ आहेत, आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची, म्हणजे व्हेरिएबलची, नावे देवनागरीत देता येतात. लिनक्स कितीही जुन्या संगणकावर चालते ही उत्साही मंडळींची अतिशयोक्तीही खोडून काढायला हवी: ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ची जुन्या ३२-बिट संगणकांसाठीची स्थापना-आवृत्तीच नाही. आणि परवाना न लिहिता टाकलेली आज्ञावली ‘सर्वांसाठी खुली’ असते, हा समज तर पूर्ण उलटा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक-कार्यक्रमाला साहित्यकृती मानतो, त्यामुळे परवाना दिलेला नसेल तर सर्व हक्क लेखकाकडेच राहतात.

परवान्याच्या या मुद्द्यालाच लागून एक गैरसमज आहे, जो काठीच्या बाबतीत सर्वांत नुकसानकारक ठरू शकतो: मुक्तस्रोत गट म्हटला की जमवलेले सगळे जगासाठी खुले करायचे. मुक्त परवाना आज्ञावलीला लागू होतो. गावाचे ज्ञान त्याच्या कक्षेत आपोआप येत नाही. उदाहरणार्थ, फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिलाचा ‘कॉमन व्हॉइस’ हा बोलण्याचे नमुने गोळा करणारा प्रकल्प आवाज सीसी-झिरो या पद्धतीने प्रसिद्ध करतो, म्हणजे तो आवाज कोणीही, कोणत्याही कामासाठी, नाव न घेता वापरू शकतो. दैनंदिन वाक्यांसाठी हे चालेल. देवाच्या गाण्यांसाठी किंवा झाडपाल्याच्या औषधांसाठी चालेलच असे नाही. जगभरच्या आदिवासी समूहांच्या माहितीसाठी २०१९ मध्ये मांडलेली ‘केअर’ तत्त्वे सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीतिमत्ता या चार गोष्टींचा आग्रह धरतात, आणि त्यांतली दुसरी येथे सर्वांत महत्त्वाची आहे. म्हणून शब्दयादीच्या पहिल्या फाइलीबरोबर दोन कागद असावेत: एकावर परवाना, आणि दुसऱ्यावर कोणत्या गोष्टी या यादीत कधीही घ्यायच्या नाहीत याची, जाणत्या स्त्री-पुरुषांना विचारून केलेली नोंद.